जर्मनचा सराव आणि समुद्रकाठची निवांत सुट्टी: बाल्टिक किनारा कसा आहे?

वेलदोडा

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, पुण्याहून. मुलं ११ आणि १४ वर्षांची, शाळेत जर्मन शिकताहेत, साधारण ए-२, म्हणजे दुसरी पायरी. माझं त्यापुढचं बी-१ झालंय. नवऱ्याला फक्त 'डांके' (धन्यवाद) येतं. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दहा दिवस जर्मनीच्या समुद्रकाठी राहावं असा विचार आहे. म्युनिक, बर्लिन, राजवाडे अशी पळापळ नको. एकाच गावात राहायचं, वाळूत बसायचं, आणि मुलांच्या तोंडून रोज थोडं जर्मन निघावं.

प्रश्न तीन. नोर्डझे (उत्तर समुद्र) की ओस्टझे (बाल्टिक)? गाव कोणतं? आणि समोरचा माणूस लगेच इंग्रजीवर गेला तर सराव व्हायचा कसा?

ओहोटी_भरती

लहान मुलं आणि निवांतपणा हवा तर ओस्टझे, म्हणजे बाल्टिक. तिथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच, त्यामुळे पाणी दिवसभर जागेवर असतं. नोर्डझेवर ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे जातो आणि सगळा दिवस वेळापत्रकाभोवती फिरतो.

पण मे-जून म्हणताय म्हणून आधीच सांगते, पाणी थंड असेल. मे अखेरीस ११ ते १३ अंश, जूनच्या मध्यावर १५-१६. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा १७ ते २० च. गणपतीपुळ्याच्या पाण्याची सवय असलेली मुलं घोट्यापर्यंत जाऊन परत पळतील. मुख्य उद्देश पोहणं असेल तर तारखा बदला. वाळू, चालणं आणि बोलणं असेल तर जून उत्तम. गर्दी कमी, भाडी कमी, सूर्योदय पहाटे साडेचारच्या सुमारास आणि सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर.

आणखी एक. बाल्टिकचं पाणी कमी खारट आहे. र्‍यूगेन बेटाजवळ एक टक्क्याच्याही आत, आपल्या अरबी समुद्रात साडेतीनच्या आसपास. त्यामुळे अंग कमी तरंगतं. नव्याने पोहायला शिकलेल्या मुलांना हा फरक आधी सांगून ठेवा.

रेल्वेवेडा

गाव: र्‍यूगेन बेटावरचं झेलीन किंवा ग्योरेन. बिंत्स मोठं आणि महाग.

बर्लिनहून बिंत्सला थेट गाड्या मोजक्या आहेत. बाकी वेळी श्ट्रालझुंडला बदलायची. एकूण चार तासांच्या आसपास. पुढे 'रासेंडर रोलांड' ही वाफेच्या इंजिनाची गाडी पुटबुसहून बिंत्स, झेलीन करत ग्योरेनला जाते. रूळ ७५० मिलिमीटर रुंदीचे, वेग फार तर ताशी ३० किलोमीटर. तिकीट गाडीतल्या कंडक्टरकडून घेता येतं, म्हणजे मुलांसाठी एक आयतं संभाषण.

डॉइचलांडटिकेटचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या मासिक पासचा, विचार करत असाल तर २०२६ पासून ते महिना ६३ युरो आहे आणि फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. ते वर्गणीसारखं आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. सुट्टीवर आलेली माणसं नेमकी इथे फसतात.

म्युनिकची_माई

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण धाग्याचा गाभा तोच आहे.

समोरचा इंग्रजीवर जातो तो बहुतेक वेळा मदत म्हणून. तुम्ही पहिल्या वाक्यात अडखळलात, मागे रांग आहे, त्याला काम उरकायचंय. त्यावर उपाय दोन.

एक, वेळ. बेकरीत सकाळी आठला जाऊ नका, तेव्हा अख्खं गाव ब्र्योटशेन, म्हणजे छोटे गोल पाव, घ्यायला उभं असतं. साडेनऊनंतर जा. बाईंना बोलायला सवड असते.

दोन, पहिलं वाक्य अख्खं पाठ, एका दमात. "गुटेन मोर्गेन, इश हेटे गेर्न फिअर ब्र्योटशेन." सुप्रभात, मला चार ब्र्योटशेन हवेत. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: "झोन्स्ट नोख एटवास?", आणखी काही? उत्तर: "नाइन डांके, दास वेर्स.", नको, एवढंच. मग रक्कम. ती ऐकू आली की झालं. चार वाक्यांचा हा व्यवहार दहा दिवस रोज करा. चौथ्या दिवशी मुलगा आपणहून "आणि तो खसखशीचा कसा आहे?" असं विचारेल.

तरीही इंग्रजी आलीच तर हसून: "वीर लेर्नेन गेराडे डॉइच. ड्युर्फेन वीर आउफ डॉइच वाइटरमाखेन?" आम्ही जर्मन शिकतोय, जर्मनमध्येच बोलू या का? याला नकार जवळपास कोणी देत नाही, उलट माणसं वेग कमी करतात.

जुन्या पूर्व जर्मनीचा हा किनारा सरावाला चांगला आहे, त्याला कारण आहे. तिथल्या साठीच्या पुढच्या लोकांनी शाळेत इंग्रजीआधी रशियन शिकली. त्यांच्याशी बोलायचं तर जर्मनच लागते.

त्रिलिंगी

माईंना +१. त्यात व्याकरणाची एक युक्ती जोडतो. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून येतं, हिंदी-इंग्रजीवाल्यांना नपुंसकलिंग नवीन वाटतं. त्याचा फायदा घ्या. एका दिवसात तीन खरेद्या, तीन लिंगं:

ब्र्योटशेन नपुंसकलिंगी. शेवटी '-शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आला की शब्द नेहमी 'दास'. त्यात अनेकवचनही तेच, एक ब्र्योटशेन, दहा ब्र्योटशेन. चुकायला जागाच नाही, म्हणून सुरुवात इथून.

आइसक्रीमचा गोळा, कूगेल, स्त्रीलिंगी. "आइने कूगेल, त्स्वाय कूगेल्न."

श्ट्रांडकॉर्ब पुल्लिंगी. आणि तो मागताना कर्म होतो, म्हणून 'आइन' चं 'आइनेन'. "वीर म्योश्टेन आइनेन श्ट्रांडकॉर्ब फ्युअर ड्राय टागे." वर्गात सहा महिने घोटूनही निसटणारा हा 'आइनेन' वाळूत उभं राहून तीन वेळा म्हटला की बसतो.

आपली मराठी मुलं नक्की चुकतात ती जागाही सांगतो. आपण 'समुद्रावर जातो' आणि 'समुद्रावर असतो'. 'वर' दोन्हीकडे सारखाच. जर्मनमध्ये जाताना 'आन डी ओस्टझे', असताना 'आन देर ओस्टझे'. गती असेल तर द्वितीया, स्थिर असाल तर चतुर्थी. घरून निघताना पहिलं, पोचल्यावर फोनवर सांगताना दुसरं.

आणि 'झे' चा घोळ: 'देर झे' म्हणजे तळं, 'डी झे' म्हणजे समुद्र. लिंग चुकलं तर तुम्ही भलतीकडेच सुट्टीला गेलात.

कोकणी_मीठ

श्ट्रांडकॉर्ब म्हणजे काय ते कुणीच सांगितलं नाही!

ओहोटी_भरती

वेताची विणलेली, छत असलेली दोघांची खुर्ची. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान या बुरुडाने संधिवात असलेल्या एका बाईंसाठी पहिली बनवली, तेव्हा ती एकटीपुरती होती. आता सगळा किनारा त्यांनी भरलेला असतो.

भाडं दिवसाला साधारण १० ते १५ युरो, पाण्याजवळच्या पहिल्या रांगेत जास्त, आठवड्याचं घेतलं तर स्वस्त. भाड्याची टपरी किनाऱ्यावरच असते. तुम्हाला क्रमांक आणि किल्ली मिळते. पुढे लाकडी जाळी असते, ती काढून मागे ठेवायची. सीटखालून पाय ठेवायचे दोन ओटे ओढायचे. बाजूची मूठ दाबून छत मागे कलतं. कलवताना मुलांची बोटं सांध्यात नाहीत ना ते बघा. संध्याकाळी जाळी लावून कुलूप.

आणि खुर्ची फिरवताना तिची पाठ वाऱ्याकडे करायची, सूर्याकडे बघून फिरवायची नाही. जूनमध्ये सावलीत वारा असेल तर १८ अंशांतही कुडकुडायला होतं. फिरवायला दोघं लागतात, शेजाऱ्याला "क्योनेन झी मीर बिटे हेल्फेन?" म्हणायची संधी.

शिवडी_ते_श्टुटगार्ट

राहण्याबद्दल. हॉटेलपेक्षा फेरियनवोनुंग घ्या, म्हणजे स्वयंपाकघरासकट सुट्टीचं घर. पण जाहिरातीतला दर शेवटचा नसतो. हे वाचून घ्या:

एंडराइनिगुंग, म्हणजे निघतानाची सफाई. एकदाच लागते, पण ६०-१०० युरो सहज. म्हणून तीन रात्रींपेक्षा दहा रात्री परवडतात. बेट्टवेशे, म्हणजे चादरी-अभ्रे, आणि टॉवेल: काही ठिकाणी भाड्यात नसतात, माणशी वेगळे पैसे किंवा स्वतः आणा. भारतातून येणाऱ्याला हे कळत नाही आणि पहिल्या रात्री उघड्या गादीवर झोपायची वेळ येते. कूरटाक्से, म्हणजे गावाचा पाहुणाकर: मोठ्या माणसाला रात्री साधारण २ ते ४ युरो, मुलांना कमी किंवा माफ. त्याबदल्यात कार्ड मिळतं. काही गावांत त्यावर स्थानिक बस फुकट असते, ते विचारा.

गर्दीच्या मोसमात बुकिंग शनिवार ते शनिवार असतं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मालक ऐकतात. मात्र हिमेलफार्टचा गुरुवार आणि फिंग्स्टनचा सोमवार या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या मे-जूनच्या आसपास येतात, त्या लांब शनिवार-रविवारी अर्धं बर्लिन समुद्रावर असतं. त्या वर्षीच्या तारखा बघूनच ठरवा.

मालकाला पत्र जर्मनमध्ये मोठ्या मुलीकडून लिहून घ्या. 'चादरी भाड्यात आहेत का, किल्ली कुठे मिळेल, आम्ही साडेसातला पोचू.' सराव इथूनच सुरू होतो.

पावणेआठ

साडेसातवरून! जर्मनमध्ये साडेसात म्हणजे 'हाल्ब आख्ट', अर्धे आठ. मुलं 'आख्ट' ऐकून साडेआठला पोचतात. पूर्वेकडचे लोक तर 'फिअर्टेल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'ड्रायफिअर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ म्हणतात. पुढच्या तासाकडे बघून वेळ सांगायची ही रीत 'पावणे'वाल्या आपल्याला समजायला सोपी आहे. पाठ्यपुस्तकात ती सहसा नसते आणि या किनाऱ्यावर झाक्सन (सॅक्सनी) या पूर्वेकडच्या राज्यातले पर्यटक भरपूर, तेव्हा कानावर पडेलच.

आकड्यांतही आपण घरचेच. तेवीस म्हणजे आधी तीन, मग वीस. 'ड्राय-उंड-त्स्वांत्सिश' अगदी तसंच. मुलांना आकडे इंग्रजीतून नाही, मराठीतून जर्मनमध्ये न्यायला शिकवा. बेकरीतली रक्कम पटकन कळते.

नोर्डझेकर

नोर्डझेला सगळ्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, हे पटलं नाही. ओहोटीत उघडा पडणारा चिखलपट्टा, जर्मनमध्ये 'वाट' (Watt), हा युनेस्कोचा जागतिक वारसा आहे. त्यावरून अनवाणी चालत जाणं मुलांसाठी जर्मनचा दोन-तीन तासांचा तासच असतो. मार्गदर्शक थांबून थांबून दाखवतो, "दास इस्ट आइन वाटवुर्म", हा वाळूतला किडा. दृश्य समोर असल्यामुळे ए-२ वाल्यालाही पुष्कळसं कळतं. मार्गदर्शकाशिवाय मात्र आत जायचं नाही. भरतीचं पाणी आधी मागच्या खोलगट ओहोळांत भरतं आणि परतीचा रस्ता बंद होतो.

ओहोटी_भरती

@नोर्डझेकर, मान्य. पण त्यांना निवांत हवंय. भाषेसाठी मार्गदर्शक ओस्टझेवरही मिळतो. यासमुंड राष्ट्रीय उद्यानात बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून खडूच्या कड्यांपर्यंत वनरक्षकांसोबतच्या फेऱ्या असतात. क्योनिग्सश्टूल हा कडा ११८ मीटर उंच आहे. पावसानंतर या कड्यांच्या पायथ्याशी किनाऱ्यावरून चालू नका, दरडी कोसळतात.

पावसाच्या दिवसासाठी श्ट्रालझुंडचं ओत्सेआनेउम, २००८ मध्ये उघडलेलं समुद्रसंग्रहालय. पाट्या वाचत हळू फिरायचं. एका पाटीतले पाच शब्द पुरे.

अनुस्वार

एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती सरळ लिहिते. 'FKK' (उच्चार एफकाका) अशी पाटी दिसली तर तो विवस्त्र स्नानाचा पट्टा. पूर्व जर्मनीत ही जुनी आणि साधी रीत आहे. कपड्यांसह जाण्याच्या भागाला 'टेक्स्टिलश्ट्रांड' म्हणतात, कुत्र्यांसाठी 'हुंडेश्ट्रांड' वेगळा. हद्दी पाट्यांवर असतात, पण वाळूत कुंपण नसतं. चालता चालता पट्टा बदलतो. मुलांना आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा आणि तिथे फोन खिशातच राहू द्या.

निशाणं: वर लाल, खाली पिवळं म्हणजे जीवरक्षक कामावर. त्यासोबत पिवळं म्हणजे मुलांनी आणि कच्च्या पोहणाऱ्यांनी आत जाऊ नये. नुसतं लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तेव्हा पाणी आरशासारखं शांत दिसतं आणि हवा भरलेली गादी मुलासकट आत सरकते. त्या दिवशी ती घरीच. पाण्यात गेलेल्या लाकडी खांबांच्या रांगांवर चढू देऊ नका, शेवाळ असतं.

कोकणी_मीठ

खाण्याचं काय? आमच्यासारखे मासेखाऊ आणि शाकाहारी दोघांसाठीही सांगा.

म्युनिकची_माई

मासेखाऊंनी फिशब्र्योटशेनमध्ये 'बाकफिश' ने सुरुवात करावी. पिठात घोळवून तळलेला, गरम. 'माटयेस' ही मिठात मुरवलेली हेरिंग, शिजवलेली नसते. बांगड्याच्या सवयीने मोठा घास घेतला तर मुलं तोंड फिरवतात. खाताना पाठ भिंतीला लावून उभं राहा, सीगल मागून येऊन हातातून नेतात.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण 'श्पेक', डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. परतलेल्या बटाट्यांत, कोबीत, मसूर-वाटाण्याच्या सूपमध्ये बऱ्याचदा असतात. 'वेगेटारिश' विचारून थांबू नका. "इस्ट दा श्पेक ड्रिन?" असं थेट विचारा. रंगीत चघळायच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन. निर्धास्त पदार्थ: साखर-दालचिनी घातलेला मिल्शराइस, म्हणजे आपली घट्ट खीरच. सफरचंदाच्या गरासोबत बटाट्याचे कार्टोफेलपुफर, पण त्यात अंडं असतं. सांडडोर्न या नारिंगी बोरांचा आंबट रस तर घ्याच, किनाऱ्याची खास चव आहे.

रोख पैसे ठेवा. "नूर बारगेल्ड" ची पाटी अजून टपऱ्यांवर दिसते.

वाळूतला_खेकडा

मुलांना मुलं मिळाली तर मोठ्यांनी काही करावं लागत नाही. तुमच्या तारखांत जुलैची कुटुंबं नसतील, पण मे-जून हा जर्मन शाळांच्या सहलींचा मोसम आहे. बिंत्सजवळच्या प्रोराच्या युवा वसतिगृहात कुटुंबांसाठी खोल्या असतात आणि जेवणाच्या हॉलमध्ये सहलीच्या मुलांची रांग. गोंगाट असतो, म्हणून सगळे दहा दिवस नको, दोन-तीन रात्री बस.

खेळात शिरायचं वाक्य: "दार्फ इश मिटश्पीलेन?" मग बादली आयमर, फावडं शाउफेल, गाळणी झीब. ओल्या वाळूचे थेंब बोटांतून सोडून बनवतात ती क्लेकरबुर्ग, तिला फारशी भाषा लागत नाही.

शिवाय शोधायच्या तीन वस्तू: भोक असलेला दगड, ह्युनरगॉट, दोऱ्यात ओवून टांगतात. डोनरकाइल, बंदुकीच्या गोळीसारखं दिसणारं जीवाश्म. आणि बेर्नश्टाइन, अंबर. त्यात धोका आहे, तो नीट वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस अजून किनाऱ्यावर येतो, विशेषतः उझेडोम बेटावर. दिसतो अगदी अंबरसारखा. ओला असेपर्यंत शांत, वाळला की अंगाच्या उष्णतेनेही पेटतो. म्हणून पिवळा खडा खिशात कधीच घालायचा नाही. पत्र्याच्या डबीत ठेवायचा आणि अंगापासून दूर. पूर्ण वाळून काही न होता राहिला तरच पुढची परीक्षा: पाण्याच्या पेल्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवा. अंबर तरंगतं, दगड बुडतो.

अनुस्वार

@वाळूतला_खेकडा, फार मोलाची सूचना. ही वरच पाहिजे.

मुलांसाठी आणखी एक: अनोळखी मोठ्यांना काका-मावशी म्हणायची आपली सवय तिथे चालत नाही. 'ओंकेल', 'टांटे' फक्त नात्यात. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी', मुलांमुलांत 'डू'. नमस्काराला उत्तरेत दिवसभर 'मोइन', संध्याकाळीसुद्धा.

दुपारची_झोप

एक वेगळं मत. मुलांना प्रत्येक खरेदीला पुढे ढकलू नका. दिवसाला तीन कामं पुरे: सकाळी ब्र्योटशेन, दुपारी आइसक्रीम, एक आवडीचं. बाकी वेळ मराठीतच. चूक झाली की काउंटरवर दुरुस्त करू नका, बाहेर आल्यावरही नको. रात्री वहीत दिवसाचे पाच नवे शब्द लिहिताना बरोबर रूप आपोआप लिहिलं जातं. सुट्टीचा क्लास झाला की अकरा वर्षांचं मूल तिसऱ्या दिवशी तोंड बंद करतं.

त्रिलिंगी

@दुपारची_झोप, पटलं. माझ्या तीन लिंगांच्या तीन खरेद्या बरोब्बर तुमच्या हिशोबात बसतात.

शिवडी_ते_श्टुटगार्ट

व्हिसा राहिला. शेंगेन शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, त्याखाली माफ. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या वेळा लवकर भरतात, जानेवारी-फेब्रुवारीतच धरा. म्हणून घर फुकट रद्द करता येईल असंच घ्या.

वेलदोडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: ५ ते १५ जून, सात रात्री झेलीनला फेरियनवोनुंग, शेवटच्या तीन प्रोराला. श्ट्रांडकॉर्ब आठवड्याचा. रोजची तीन कामं मुलांनी वाटून घेतली आहेत. नवऱ्याने ब्र्योटशेनचं वाक्य पाठ करायला घेतलंय. पत्राचा मसुदा मुलगी लिहितेय आणि तिचा प्रश्न आहे: फिश पुल्लिंगी, ब्र्योटशेन नपुंसकलिंगी, मग फिशब्र्योटशेन कोण?

त्रिलिंगी

तिला म्हणावं, घोडा तो, गाडी ती, मग घोडागाडी कोण? शेवटचा शब्द ठरवतो. दास फिशब्र्योटशेन. आणि याच नियमाने वोनुंग स्त्रीलिंगी म्हणून 'डी फेरियनवोनुंग'. पत्रात तेवढं तपासून घ्या.